व्याही, सॉना आणि थंड तळे

‘सॉनात बसून घाम काढायचा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात उतरायचे, म्हणजे ब्लडप्रेशर कायमचे उतरते, गोळ्या सुटतात असे ऐकले. खरे काय?’ अशा अर्थाची चार पत्रे गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आली. एका वाचकाने तर तळ्याकाठच्या एका रिसॉर्टची जाहिरात कापून पत्राला टाचणीने लावली आहे. उत्तर एका शब्दात देता येईल: नाही. पण तेवढ्याने कोणाचे समाधान होत नाही हे तीस वर्षांच्या डॉक्टरकीत कळले आहे. शिवाय या प्रश्नाचे उत्तर मी पुस्तकात वाचलेले नाही. आमच्या व्याह्यांना तळ्यातून ओढून काढताना ते मला मिळाले. त्यांच्या परवानगीनेच ही हकिगत लिहितो आहे.

माझी मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त फिनलंडमधल्या ताम्पेरे या शहरात राहतात. २०२४च्या जूनमध्ये त्यांनी दोन्हीकडच्या आईवडिलांना एकत्रच बोलावले. जावयाने सात माणसांची मोटार भाड्याने घेतली आणि ताम्पेरे, लाहती, मिक्केली, सावोनलिन्ना, योएन्सू, कुओपिओ आणि परत ताम्पेरे असा हजारेक किलोमीटरचा फेरा ठरवला. डावीकडे तळे, उजवीकडे तळे, मधून रस्ता. मधेच भूर्ज आणि पाइनची रांग, आणि झाडी संपली की पुन्हा तळे. या देशात लहानमोठी मिळून सुमारे १,८८,००० तळी मोजतात. त्यांतले सर्वांत मोठे साइमा, सुमारे ४,४०० चौरस किलोमीटरचे. त्याच्या पोटात चौदा हजारांच्या आसपास बेटे आहेत. नकाशात पाहिले तर फाटलेल्या जाळीसारखे दिसते. डासांबद्दल मात्र कोणी आधी सांगत नाही.

आणि प्रत्येक काठावर एक लाकडी खोपटे, त्यातून निघणारा धूर. तोच सॉना. तिथले लोक ‘साऊना’ म्हणतात. लोकसंख्या छप्पन लाखांच्या घरात आणि सॉना तीस लाखांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडे घरटी देव्हारा, तसा तिकडे घरटी सॉना. ताम्पेरेतल्या पिस्पाला भागातला सार्वजनिक सॉना १९०६पासून आजतागायत चालू आहे. २०२०मध्ये युनेस्कोने या प्रथेची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. पूर्वी बायका बाळंत होत त्या सॉनातच, आणि मृताला शेवटची अंघोळ घालत तीही तिथेच. घरातली सर्वांत उबदार आणि स्वच्छ जागा तीच. आमच्या विहीणबाईंना हे ऐकून बाजेखालची शेगडी आठवली. “आपणही बाळंतिणीला शेकच देतो की,” त्या म्हणाल्या, “पण शेक झाल्याबरोबर तिला कोणी आडावर नेऊन गार पाणी ओतत नाही.” त्यांचे हे वाक्य मी त्या दिवशी हसण्यावारी नेले.

सॉनाचे तंत्र साधे आहे. लाकडी भिंतींची खोली, पायऱ्यांसारख्या दोन-तीन फळ्या, कोपऱ्यात शेगडी आणि तिच्यावर दगड. हवेचे तापमान ७० ते १०० अंश सेल्सियस. एवढ्या उष्णतेत माणूस भाजत नाही, कारण हवा कोरडी असते. डावाने दगडांवर पाणी टाकले की वाफेचा लोट उठून कानांवर येतो. त्या वाफेला त्यांच्या भाषेत वेगळाच शब्द आहे, ‘लोयलू’. पानांसकट भूर्जाच्या फांद्यांची जुडी करून अंगावर हलकेच मारतात. घाम आला की बाहेर, तळ्यात डुबकी, आणि पुन्हा आत. किती वेळ बसायचे याचा नियम नाही. नको झाले की उठायचे, कोणी काही म्हणत नाही.

लाहतीहून मिक्केलीकडे जाताना हेइनोला हे लहानसे गाव लागते. तिथे १९९९पासून दर वर्षी सॉनात जास्तीत जास्त वेळ बसण्याची जागतिक स्पर्धा भरत असे. तापमान ११० अंश आणि दर तीस सेकंदांनी दगडांवर अर्धा लिटर पाणी. २०१०च्या अंतिम फेरीत सहाएक मिनिटांतच दोघे स्पर्धक कोसळले. रशियन स्पर्धक दगावला, फिनिश स्पर्धक गंभीर भाजलेल्या अवस्थेत रुग्णालयात गेला. त्यानंतर ती स्पर्धा कायमची बंद झाली. जावई मोटार चालवता चालवता हे सांगत होता. शेजारी बसलेले आमचे व्याही म्हणाले, “हट्टाला काय औषध?” दुसऱ्याच दिवशी हट्ट कोणी केला ते आता सांगतो.

व्याह्यांना सगळे नाना म्हणतात. वय ६६, वीज मंडळातून निवृत्त, उमदा माणूस. बारा वर्षांपासून ब्लडप्रेशर. त्यासाठी दोन गोळ्या, त्यांतली एक लघवीवाटे पाणी काढणारी. मधुमेह आहे, पण आटोक्यात. वर्षभरापासून रात्री झोपताना प्रोस्टेटची एक गोळी. सावोनलिन्नाच्या अलीकडे साइमाकाठी आम्ही दोन रात्रींसाठी लाकडी घर घेतले होते. घराची व्यवस्था पाहणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या. पहिल्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला सॉना तापवून दिला आणि स्वतःही आमच्या बायकांबरोबर बसल्या. बाहेर आल्यावर त्या ओसरीवर पाच-दहा मिनिटे नुसत्या टेकल्या, पाणी प्यायल्या, मग धक्क्याच्या शिडीने एकेक पायरी उतरत गळ्यापर्यंत पाण्यात गेल्या. डोके कोरडे. दहा-बारा हात मारले आणि तशाच शांतपणे वर. धक्क्याला बांधलेले थर्मामीटर पाण्याचे तापमान १५ अंश दाखवत होते.

नानांनी हे पाहिले आणि मनाशी ठरवून टाकले. दुसऱ्या दिवशी आम्ही पुरुष मंडळी बसलो. काट्यावर ८५ अंश. नाना सर्वांत वरच्या फळीवर. मी एकदा म्हटले, “नाना, खाली या.” ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, इथवर येऊन खाली बसायचे?” मी गप्प बसलो. इथे मला कबुली द्यायची आहे. दवाखान्यात समोर बसलेल्या पेशंटला मी दरडावून खाली बसवले असते. पण मुलीच्या सासऱ्यांना दरडावायचे कसे? सोयरिकीचा मान आड आला. पंधरा मिनिटांनी नाना तडक उठले, दार ढकलले, धक्क्यावरून चार पावले धावले आणि उडी मारली.

वर आले ते तोंड उघडून. श्वास आत जात होता, बाहेर येत नव्हता. ओठ पांढरे. शिडीचा दांडा धरला आणि हात सुटला. जावई कपड्यांचा विचार न करता पाण्यात उतरला, मी वरून काखेत हात घातले. धक्क्याच्या फळ्यांवर आडवे केले, पाय उंच धरले, टॉवेल आणि घोंगड्यांत गुंडाळले. नाडी अनियमित, मधेच एक ठोका गाळणारी. पाच-सात मिनिटांत ती ताळ्यावर आली. तिथल्या दवाखान्यात रात्री ईसीजी काढला, तो सुदैवाने चांगला निघाला. विहीणबाई त्या रात्री माझ्याशी फारसे बोलल्या नाहीत. त्यांचे बरोबरच होते.

नेमके काय झाले असावे? सॉनात कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी रक्त कातडीकडे धावते. नाडी १००-१२०वर जाते, वरच्या फळीवर रेटून बसले तर १५०पर्यंतही. एका बैठकीत साधारण अर्धा लिटर घाम जातो. नळ्या रुंद झाल्या आणि आतले पाणी कमी झाले की दाब उतरणारच. हाच तो ‘बीपी उतरले’चा अनुभव, आणि तो तात्पुरता असतो. नानांच्या गोळ्याही दुसऱ्या वाटेने हेच काम करत होत्या. प्रोस्टेटची ती गोळी रक्तवाहिन्याही थोड्या सैल करते, हे घेणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते. अशा अवस्थेत एकदम गार पाणी लागले की काही सेकंदांत त्याच रक्तवाहिन्या आवळतात, दाब उसळतो आणि छाती आपोआप जोरात श्वास ओढते. हा श्वास आपल्या ताब्यात नसतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर फुप्फुसात पाणी जाते. चांगला पोहणारा माणूसही पहिल्या एक-दोन मिनिटांत बुडतो तो असा. भरीला, चेहरा पाण्यात गेला की शरीराची आणखी एक सवय जागी होते आणि हृदयाला मंद चालायला सांगते. एक हुकूम पळ म्हणतो, दुसरा थांब म्हणतो. निरोगी हृदय हे निभावून नेते. करोनरी अरुंद झालेल्या हृदयाची लय मात्र बिघडू शकते. नानांना हे समजावले तेव्हा ते त्यांच्या भाषेत म्हणाले, “म्हणजे पूर्ण लोडवर चाललेली लाइन एकदम ट्रिप केली आणि लगेच चार्ज केली.” यापेक्षा चांगले मला सांगता येणार नाही.

आता जाहिरातीतल्या आकड्याकडे वळू. त्या कात्रणात ‘हृदयविकाराने अचानक मृत्यूचा धोका ६३ टक्क्यांनी कमी’ असे ठळक छापले आहे. आकडा खोटा नाही. कुओपिओ परिसरातल्या ४२ ते ६० वयाच्या २,३१५ पुरुषांची १९८४ ते १९८९ या काळात तपासणी झाली आणि पुढे सुमारे वीस वर्षे त्यांची नोंद ठेवली गेली. यारी लाउक्कानेन आणि सहकाऱ्यांनी ते निष्कर्ष २०१५मध्ये प्रसिद्ध केले. आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांत असे मृत्यू एकदाच घेणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी कमी आढळले. पण त्या आकड्याच्या मागे कोण होते पाहा. चार ते सात वेळा जाणारे अवघे २०१ जण होते. हे सगळे लहानपणापासून सॉनात बसलेले लोक. ज्यांच्याशी तुलना केली तेही आठवड्यातून एकदा बसणारेच. ज्याला दम लागतो, छातीत दुखते, तो आपण होऊनच कमी वेळा जाणार, हेही विसरता येत नाही. संशोधकांनी वय, दाब, धूम्रपान यांचा हिशोब वजा केला आहे, तरी अशा पाहणीतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. आणि त्यांनी मोजले ते वाफेत बसणे. जाहिरातवाल्याने त्या आकड्याला बर्फाचे टब परस्पर जोडून दिले आहे.

खरी गोष्ट पुढेच होती. सावोनलिन्नाहून उत्तरेला योएन्सूकडे जाताना उत्तर कारेलिया हा प्रांत लागतो. सॉना, तळी, जंगल, लाकूडतोडीचे अंगमेहनतीचे आयुष्य, मोकळी हवा, सगळे तिथे पिढ्यान्‌पिढ्या होते. शनिवारचा सॉना चुकवणारा माणूस दाखवायला मिळाला नसता. आणि तरीही १९६०च्या दशकात हृदयविकाराने मरणाऱ्या पुरुषांच्या बाबतीत पूर्व फिनलंड जगात सर्वांत वरच्या जागी होता. चाळिशी-पन्नाशीतले कर्ते पुरुष पटापट जात होते. अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी सात देशांची तुलना केली, तिच्यात हे उघडे पडले. त्यांची एक आठवण प्रसिद्ध आहे. तिथले लाकूडतोडे सॉनातून बाहेर आले की चीजचा पावाएवढा तुकडा घेत, त्यावर लोण्याचा जाड थर लावत आणि बिअरबरोबर खात.

१९७१मध्ये तिथल्या लोकांनीच सरकारकडे अर्ज केला की आमची माणसे मरताहेत, काहीतरी करा. १९७२मध्ये काम सुरू झाले. त्याचे नेतृत्व पेक्का पुस्का या तिशीही न गाठलेल्या डॉक्टरांकडे होते. प्रांतातले निम्म्याहून जास्त पुरुष तेव्हा सिगारेट ओढत. मीठ दिवसाला बारा ग्रॅमच्या आसपास पोटात जाई, आणि लोणी तर सगळ्यात. पुस्कांनी मोठी रुग्णालये मागितली नाहीत. ते गृहिणींच्या ‘मार्था’ या संघटनेकडे गेले. गावोगाव बायका जमल्या, घरचेच पदार्थ कमी मिठाचे आणि कमी लोण्याचे करून एकमेकींना वाढू लागल्या. मोहरीच्या जातीचे तेल स्वयंपाकघरात आले. दूधवाल्या शेतकऱ्यांना बेरी लावायला मदत मिळाली. १९९३पासून जास्त मीठ असलेल्या पाव, चीज यांसारख्या पदार्थांवर तसे छापणे देशभर सक्तीचे झाले. चाळीसएक वर्षांत त्या प्रांतातल्या कामकरी वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. नंतरच्या काळात औषधोपचार सुधारले त्याचाही वाटा आहे. पण सॉना आधीही होता आणि नंतरही होता. बदलले ते ताट आणि सिगारेट.

म्हणून मला या जाहिरातींचा राग येतो. एका देशाने पन्नास वर्षे खपून जे मिळवले ते बाजूला ठेवून, त्यांच्या सुटीच्या दिवसाची मजा आपल्याला औषध म्हणून विकली जाते. घामावाटे विष जाते म्हणतात. घामात असते पाणी आणि मीठ, बाकीचे काम मूत्रपिंड आणि यकृत मुकाट्याने करत असतात. वजन उतरते म्हणतात. उतरते ते पाण्याचे, दोन तांबे प्यायले की परत जागेवर.

तिथले जेवण मात्र मनापासून आवडले. सावोनलिन्नाच्या बाजारात मुइक्कू नावाची बोटाएवढी तळ्यातली मासळी राईच्या पिठात घोळवून तळून देतात. राई म्हणजे आपली मोहरी नव्हे, ते गव्हाच्या जातीचे काळपट धान्य. आपल्या मांदेलीची आठवण यावी अशी चव, काट्यासकट खायची. योएन्सूला राईच्या पातळ पारीत भाताची खीर भरून भाजलेली कारेलियन पुरी खाल्ली. विहीणबाईंना ती इतकी आवडली की त्यांनी पारी दुमडण्याची पद्धत दोनदा पाहून घेतली. वर अंड्यात कालवलेले लोणी लावायची रीत आहे, ती आम्ही टाळली. कुओपिओचा ‘कालाकुक्को’ म्हणजे राईच्या पावाच्या पोटात मासळी आणि डुकराची चरबी भरून कित्येक तास मंद भाजलेला गोळा. शेतावर, जंगलात नेण्याची ही शिदोरी. दिवसभर लाकडे फोडणाऱ्याला ठीक आहे. मोटारीत बसून फिरणाऱ्याने एक फोड खावी. मी दोन खाल्ल्या.

गंमत पाहा. दुकानात पावाच्या वेष्टनावरचे मिठाचे आकडे माझी मुलगी आम्हाला वाचून दाखवत होती आणि मोटारीच्या डिकीत आमच्याच लोणच्याच्या दोन बरण्या, पापड, शेव आणि खारे शेंगदाणे होते. नाना दहीभातावरही मीठ पेरतात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा लहान सपाट चमचाभर मीठ पुरे म्हणते. आपल्याकडे सरासरी आठ ग्रॅमच्या आसपास जाते. कोलीच्या टेकडीवरून खालचे पिएलिनेन तळे पाहत बसलो असताना मी हा हिशोब मांडला. नाना म्हणाले, “उडीपेक्षा हे अवघड आहे.”

ज्यांना तिकडे जायचे आहे किंवा इथल्या रिसॉर्टमध्ये हौस करायची आहे, त्यांना जाऊ नका असे मी म्हणणार नाही. निरोगी माणसाला सॉना सुखाचा आहे. पण नुकताच हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेला असेल, छातीत दुखण्याचे प्रमाण वाढले असेल, किंवा हृदयाची झडप फार अरुंद झाल्याचे सांगितले असेल, तर त्या दारात जाऊच नये. गरोदर बाईनेही मोह टाळावा. ब्लडप्रेशरच्या लोकांनी आधी आपल्या डॉक्टरला गोळ्यांची चिठ्ठी दाखवावी, आणि सॉनासाठी गोळी परस्पर बंद करू नये. खालच्या फळीवर आठ-दहा मिनिटे पुरे. उठताना आधी बसल्या जागी पाय हलवावेत. मधुमेहात तळपाय बधिर असतील तर तापलेल्या फळीचा चटका कळत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की उष्णतेत ते रक्तात लवकर उतरते आणि साखर खाली जाते. दारू अजिबात नको. फिनलंडमध्ये सॉनात झालेल्या मृत्यूंची छाननी झाली, तेव्हा निम्म्या माणसांच्या पोटात दारू होती. थंड पाणी हवेच असेल तर दहा मिनिटे टेकून, पाणी पिऊन, शिडीने, डोके कोरडे ठेवून आणि सोबत कोणी असतानाच. दाब आणि हृदय ज्यांचे नाजूक आहे त्यांनी कोमट पाण्याच्या तांब्यावर समाधान मानावे. बर्फाच्या टबात बसवण्यापूर्वी जो रिसॉर्ट तुमचे ब्लडप्रेशरही पाहत नाही, तिथे पैसे भरलेले असले तरी उठून यावे.

फेऱ्याच्या अखेरीस कुओपिओला कल्लावेसी तळ्याकाठच्या मोठ्या धूरसॉनात गेलो. याला धुराडे नसते. तासन्‌तास लाकडे जाळून दगड तापवतात, धूर बाहेर काढतात आणि मग माणसे आत जातात. भिंती काजळीने काळ्या, ऊब मात्र फार मऊ. मी या वेळी मान बाजूला ठेवून नानांना दाराजवळ, खालच्या फळीवर बसवले. सहा मिनिटांनी त्यांना बाहेर काढले. टॉवेल पांघरून, पाणी पिऊन ते निवांत बसले. मग धक्क्याच्या कडेला जाऊन त्यांनी पाण्यात पाय सोडले. आजूबाजूला आबालवृद्ध पाण्यात शिरत होते. एका वृद्ध गृहस्थाने वर येता येता जावयाला काहीतरी विचारले. जावई म्हणाला, “बाबा, ते विचारताहेत, पाणी फार गार आहे का?”

“त्यांना सांग,” नाना म्हणाले, “डॉक्टरांनी पाय भिजवण्यापुरतीच परवानगी दिली आहे.”

जावयाने ते कसे सांगितले कोण जाणे. त्या गृहस्थाने माझ्याकडे एकदा पाहिले, मान हलवली आणि नानांच्या शेजारी येऊन पाण्यात पाय सोडून बसले.